उसन्या हाताचा एक फेरा

माझा उजवा हात मनगटापासून गेला, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. मळणी यंत्राच्या तोंडात सोयाबीन हातानं लोटू नका, काठीनं लोटा, असं मुलानं सांगितलं होतं, मजुरांनी सांगितलं होतं, आणि यंत्राच्या पत्र्यावर लाल रंगात लिहिलंही होतं. मी चौथी पास आहे, तेवढं वाचता येतं. वाचलं आणि मग हात घातला. आमच्या घरात कुणी सांगितलं म्हणून मी कधी ऐकलेलं नाही, तिथं पत्र्याची काय बिशाद.

पण हे हात गेल्याचं रडणं नाही. गेला तो गेला. मला लिहायचंय ते नंतर आलेल्या हाताबद्दल. तो माझा नव्हता, उसना होता, विजेवर चालायचा. त्याच्यापायी मोठ्या शिकलेल्या माणसांना मी आणि मला त्यांनी भरपूर ताप दिला.

वरवट बकालहून सातपुड्याच्या अंगाला निघालं की जमीन हळूहळू चढते. तिथं आमची दोन एकरांची एक पट्टी आहे, उताराची, दगडगोट्यांची. खालचं रान मुलगा ट्रॅक्टरनं पेरतो. या पट्टीत ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून तिथली ज्वारी अजून तिफणीनं पेरतात. तिफण म्हणजे तीन दातांचं लाकडी औत. वर वाटीसारखं लाकडी चाडं, चाड्याला तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी खाली मातीत. एक माणूस बैल हाकतो. दुसरा मागं चालत मुठीतून चाड्यात दाणे सोडतो. चाळीस वर्षं हा दुसरा माणूस मी होतो.

त्यात काय, दाणेच तर टाकायचे, असं ज्याला वाटतं त्यानं एकदा टाकून पाहावं. हात मिटलेलाच ठेवायचा आणि मिटल्या हातातून अंगठ्यानं दाणे सरकवायचे, पावलागणिक थोडे, तिन्ही भोकांना सारखे. जास्त सुटले तर झुबका उगवतो, कमी सुटले तर टक्कल पडतं. आणि हे काम उजव्याच हातानं. डाव्या हातानं बी भुईत टाकत नाहीत आमच्याकडे. कोणत्या पोथीत लिहिलंय मला ठाऊक नाही. बापानं टाकलं नाही, मी टाकणार नाही, विषय संपला.

त्यामुळे हात गेल्यावर पहिल्याच पेरणीला माझी बायको चाड्यावर गेली आणि मी बैल हाकायला लागलो. ज्वारी उगवली तेव्हा शेजारच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एक बाई ओरडली, "यंदा ओळी कशा सुतावानी आल्या वो काकू!"

"यंदा मागं कोन होतं मंग?" बायको म्हणाली, आणि बोलली तिच्याशी, पाहिलं माझ्याकडे.

हे मी तीन हंगाम ऐकलं. ओळी खरंच सरळ होत्या, हा त्यातला वाईट भाग.

ईदला ज्याच्याकडे मी शीरखुर्मा प्यायला जातो, त्या माझ्या दोस्ताचं वरवट बकालला वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं मला लोखंडी सळीचा एक आकडा करून दिला, खाली कातड्याची वादी लावून. "हे घे बे," म्हणाला, "बादली उचल, दोर धर, अन् वहिनीची बोलनी खा." आकडा नामी होता. त्यानं मी विहिरीतून पाणी काढलं, गोठ्याचं दार ओढलं, एकदा अंगावर आलेलं कुत्रं हाकललं. पण आकड्यातून ज्वारी सुटत नाही.

मग तालुक्याला एक शिबिर लागलं. हात-पाय नसलेले आम्ही सगळे रांगेत. पुण्याकडच्या एका मोठ्या इस्पितळाचे डॉक्टर आले होते. त्यांनी माझा थोटा हात चाचपला, सुया लावल्या, कागद काढला आणि म्हणाले, "तुमच्या नसा फार छान आहेत हो, आजोबा." साठी उलटल्यावर माझ्या कशालाही छान म्हणणारा हा पहिलाच माणूस. मी लगेच छाती काढली.

त्यांनी समजावून सांगितलं. पंजा गेला तरी पंज्याकडे जाणाऱ्या नसा वर शाबूत असतात. मेंदू अजून हुकूम सोडतो, पण हुकूम पोचायला गावच उरलेलं नाही. तर कोपराखाली चीर देऊन त्या नसांना केसासारख्या बारीक तारा जोडायच्या, तारांची टोकं चामडीबाहेर एका डबीत आणायची. डबी हुकूम वाचेल आणि यंत्राचा पंजा हलवेल. उलटही होईल. यंत्राच्या बोटाला काही लागलं की डबी नसेत हलकीशी वीज सोडेल, आणि मला ते माझ्याच बोटाला लागल्यासारखं वाटेल. हा अभ्यास आहे, म्हणाले. काही महिन्यांनी तारा काढू, हात परत घेऊ.

मी एकच विचारलं. "ह्याच्यानं चाड्यातून बी पेरता येईन का?"

"सगळं करता येईल," डॉक्टर म्हणाले. त्यांना चाडं म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मला ते तिथंच कळलं होतं, तरी मी अंगठा उठवला. डावा.

बायकोला सांगितलं, पुढच्या पेरणीला चाड्यावर मी. ती म्हणाली, "बरं." ते 'बरं' मी ओळखतो. पोरगं चंद्रावर जातो म्हणालं तरी ती असंच 'बरं' म्हणते.

त्यांच्या पुण्याच्या इस्पितळात तारा बसल्या, टाके सुकले, आणि मला एका पुण्याच्या इंजिनीअर मुलीच्या हवाली केलं. माझ्या नातीच्या वयाची, पण बोलणं हेडमास्तरणीचं. मला खुर्चीत बसवलं, डबीला आणखी तारा डकवल्या, समोर पडदा.

"आजोबा, हात मिटायचा विचार करा."

"विचार कायले करायचा? हात मिटासाठी आजवर कोनं विचार केला?"

"बरं, नुसता मिटा."

मी मिटला. आता एक सांगतो, हे मी आधी डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं, वेडा म्हणतील म्हणून. माझा गेलेला हात पुरता गेला नव्हता. तो मला जाणवायचा, आणि तीन वर्षं तो मिटलेलाच होता, आत काहीतरी धरल्यासारखा. उघडू म्हटलं तर उघडायचा नाही. मी तो आणखी मिटला. पडद्यावर एक रेघ वर गेली आणि वर जाऊन लुटूलुटू हलत राहिली.

"हा नॉइज आहे," मुलगी म्हणाली.

"म्हंजे?"

"म्हणजे कचरा. मिटल्यावर रेघ वर जाऊन स्थिर राहायला हवी. तुमची थरथरतेय."

"मी नाई थरथरत."

"तुम्ही नाही हो, सिग्नल."

"तोई नाई थरथरत. तुमचा पडदा तपासा."

आठ दिवस हेच. मी मिटायचो, रेघ हलायची, मुलगी कपाळ चोळायची. शेवटी तिनं कॉम्प्युटरमध्ये एक चाळणी बसवली, कचरा गाळायची. कचरा गळला आणि हात कामाला लागला. मिट म्हटलं की मिटायचा, उघड म्हटलं की उघडायचा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर माझ्याकडून जी कामं करवून घेतली ती ऐका. प्लास्टिकचे पेले एकावर एक ठेवा. आता उतरवा. आता परत ठेवा. उकडलेलं अंडं उचला, फुटू देऊ नका. मी म्हटलं, मी माळकरी माणूस, मला बटाटा द्या. बटाटा चालणार नाही, म्हणे, अंड्याचाच नियम आहे. नियमाचं अंडं मी फोडलं. एकदा कॅमेरा लावला आणि म्हणाले, दोन्ही हातांनी नमस्कार करा. मी हात जोडले. यंत्राला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, त्यानं माझा डावा हात जो पकडला तो सोडीना. मुलगी येऊन बटण दाबेपर्यंत मी तसाच हात जोडून उभा. व्हिडिओ फार छान आला म्हणतात. त्यात मी भाविक दिसतो.

आणि त्यांचे आकडे. यंत्राच्या बोटाला मुलगी काडी लावायची आणि विचारायची, "किती जाणवतंय? एक ते दहा?"

"मुंगी चालल्यावानी."

"म्हणजे किती?"

"एक मुंगी."

तिनं दोन लिहिलं. काय धरून लिहिलं ते तिलाच ठाऊक. पण खोटं बोलणार नाही, मुंगी नसलेल्या अंगठ्यावरून चालत होती. पहिल्यांदा चालली त्या दिवशी मी दुपारचा चहा घेतला नाही, अपचन झालंय असं सांगितलं.

पेरणी जवळ आली तशी मी बायकोला फोन करून बियाण्याची ज्वारी मागवली. ती पिशवी घेऊन इस्पितळात आली. मी यंत्राच्या हातात ज्वारी घेतली, खाली प्लास्टिकचं टोपलं धरलं, आणि चाळीस वर्षं सोडत आलो तशी सोडायला गेलो. एक दाणा पडेना. जोर केला, तर हात सताड उघडला आणि सगळी ज्वारी फरशीवर. झाडणारी बाई आली आणि तिनं मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. ती आमच्याच भागातली निघाली, म्हणून सगळं नीट समजलं.

"तुमचा हात म्हंजे दुकानाचं शटर हाये," मी इंजिनीअर मुलीला म्हटलं. "एक तर बंद, नाई तर उघडं. मधातलं काही येतेच नाई त्याले."

"मधलं म्हणजे काय?"

आता मधलं दाखवायचं कशानं? उजवा हात नाही आणि डाव्याला ते कधी शिकवलं नाही. मी तोंडानं सांगायला लागलो, तर बायको उठली. टोपलं बाजूला धरलं, पदर खोचला, ज्वारी घेतली आणि इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात चालू लागली, जशी तिफणीमागं चालते तशी. हात मिटलेला. पाऊल पडलं की अंगठा जरासा सरकायचा, तीन चार दाणे टोपल्यात. पाऊल, अंगठा. पाऊल, अंगठा. नर्सा बाजूला सरकून उभ्या.

मुलगी फोन धरून तिच्याबरोबर उलटी चालत होती, नजर अंगठ्यावर. मग ती कॉम्प्युटरकडे गेली. पहिल्या आठवड्यातल्या माझ्या रेघा उघडल्या, चाळणी लावण्याआधीच्या. बायकोचं चालणं शेजारी लावलं. बराच वेळ पाहत बसली.

"आजोबा, हे थरथरणं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही हात मिटायचात तेव्हा तुमचा अंगठा पेरत होता. खुर्चीत बसल्या बसल्या. आजींच्या पावलाइतक्याच अंतरानं."

"म्हंजे माह्यी चाळीस वर्सं तुम्ही केर म्हनून झाडून टाकली."

"हो," ती म्हणाली.

'बघू', 'असं आहे की', 'त्याचं काय होतं', असलं काहीही नाही. सरळ 'हो'. त्या दिवसापासून तिच्याशी मी जरा कमी भांडलो.

तिनं चाळणी काढली, यंत्राच्या अंगठ्याला त्या हलत्या रेघेवर चालायला शिकवलं. पण रेघ पळते आणि अंगठ्यातली मोटार म्हाताऱ्या बैलासारखी, हाक मारल्यावर जरा विचार करून उठणार. कधी दोन पावलांचे दाणे एकदम, कधी काहीच नाही. ती म्हणाली, अजून चार महिने मिळाले तर जमेल. डॉक्टर म्हणाले, तारा पुढच्या आठवड्यात काढायच्या आहेत, जखमेला धोका नको. आणि शेतात तर मुळीच नाही, धूळ असते.

"पेरनी काय गादीवर करतेत?" मी म्हटलं.

कसं कुणाला पटवलं माहीत नाही, पण मुलीनं परवानगी आणली. एक दिवस, एक फेरा. शेताच्या एका धुऱ्यापासून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत, तीन ओळी. बास.

पेरणीच्या दिवशी ती आणि डॉक्टर गाडी करून आले. माझा हात खांद्यापर्यंत प्लास्टिकनं गुंडाळला, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधतात तसा. गाव गोळा झालं. वेल्डिंगवाला दुकान बंद करून आला होता, दुसऱ्याच्या फजितीला तो वेळेवर येतो. "भाऊ," म्हणाला, "बॅटरी संपली तं सांगजो, मी पाना आनला हाये."

बायकोनं माझ्या कमरेला ज्वारीची ओटी बांधली, आणि बैल हाकायला ती गेली. तीन हंगाम चुकल्यावर मी चाड्यामागं उभा राहिलो.

"हाकू?" तिनं विचारलं.

"हाक."

पहिल्या चार पावलांत अर्धी मूठ एकदम सुटली. मागून हसल्याचं ऐकू आलं, मी वळलो नाही. मग सात-आठ पावलं काहीच नाही, अंगठा अडून बसला. मग थोडे, मग परत नाही. मुलगी बाजूनं डबी धरून ढेकळांतून धावत होती, तिची चप्पल कुठं राहिली कुणास ठाऊक. शेताच्या मध्यावर, जिथं जमीन थोडी सपाट आहे, तिथं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. मी यंत्राकडे पाहणं सोडलं आणि बैलांच्या पावलाकडे पाहू लागलो. मुंगी अंगठ्यावर आली, गेली, आली, गेली. दाणे पडत होते. तिन्ही भोकांत. दहा पावलं असतील, बारा असतील. मग मोटार गरम झाली आणि पुन्हा पहिले पाढे.

दुसऱ्या धुऱ्यावर पोचलो तेव्हा सदरा पाठीला चिकटला होता. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. ते कशालाही वाजवतात. मी ओटी सोडून बायकोला दिली आणि उरलेलं सगळं शेत तिनं पेरलं, मी बैल हाकले. आठवड्यानं तारा काढल्या, हात त्यांनी खोक्यात भरून नेला. मी पुन्हा आकडा चढवला. वेल्डिंगवाल्यानं त्याला मोकळ्या मनानं तेल घातलं.

ज्वारी उगवली. बायकोचं शेत हिरवं सुतासारखं, आणि एका कडेला माझ्या तीन ओळी: सुरुवातीला झुबका, मग टक्कल, मग दोन-चार रोपं, मग टक्कल. शेत रस्त्याला लागून आहे. येणारी जाणारी माणसं सायकलवरून उतरून पाहायची.

"मी टोबून घेतो तेवढं," बायको म्हणाली. रिकाम्या जागी हातानं खड्डा करून दाणा टाकतात, त्याला आम्ही टोबणं म्हणतो.

"हात लावायचा नाई," मी म्हटलं.

"लोकं हासून राह्यले ना."

"हासू दे. मह्यं हाये ते."

ती म्हणाली, "बरं."

मी दुसऱ्या दिवशी आठवडी बाजाराला गेलो होतो. पुढं काही दिवसांनी टकलांतून हिरवे कोंब वर आले. मी पाहिले आणि गप्प राहिलो. तीही गप्प. एका घरात दोघंही गप्प, असं आमच्याकडे फार वर्षांत घडलं नव्हतं.

त्यानंतर त्या इंजिनीअर मुलीचा व्हिडिओ कॉल आला. शेजारी डॉक्टर. "आजोबा, तुमच्या ओळी दाखवा ना!" मी शेतातच होतो. फोन डाव्या हातात धरून ओळींवरून फिरवला. मुलगी ओरडलीच, "अहो, एकही जागा रिकामी नाही! सर, बघा! संपूर्ण ओळ!" डॉक्टर म्हणाले, "वा. हा फोटो अहवालात जाऊ दे."

फोनमध्ये सगळं हिरवं दिसत होतं. मी काही बोललो नसतो तर झालं होतं. वरवट बकालच्या स्टँडवर मी छाती काढून सांगितलं असतं की पुण्याच्या अहवालात माझ्या ओळींचा फोटो आहे. बायको धुऱ्यावर भाकरीचं फडकं सोडत बसली होती. तिनं मान वर केली नाही, पण फडक्याची गाठ सोडायचा हात थांबला होता.

मी आकड्यानं एक रोप बाजूला केलं. "पोरी, जवळून पाह्य. हे उंच दिसते का? हे मह्यं. त्याच्या बाजूचं बुटकं, ते मह्या बायकोचं. तिनं मागून टोबलं. रिकामं होतं तिथं."

मग डॉक्टर म्हणाले, "आजोबा, फोटोत एवढं कळत नाही. चालेल."

"तुमाले चालते," मी म्हटलं. "एकदा मह्या हातातलं तुमी कचरा म्हनून गाळलं. आता मही टक्कलंई गाळता का?"

डॉक्टर फोनमधून बाजूला झाले. मुलगी राहिली. "मोजून सांगाल?" ती म्हणाली. तिनं कागद ओढल्याचं ऐकू आलं. "उंच किती, बुटकी किती. तसंच लिहिते."

मी मोजायला वाकलो, तर मागून बायको आली आणि फोनच काढून घेतला. "बुटके मी सांगतो बाई, ते जास्ती हायेत. लिव." आणि ती निघाली ओळीच्या कडेनं, एकेका रोपाला बोट लावत, मोठ्यानं मोजत. मधूनच सांगायची, "हा झुबका पाह्य, हा ह्यायचा. अर्धा किलो एकाच जागी पेरला मह्या मानसानं." रस्त्यावरची दोन माणसं थांबून ऐकत होती. मी मागून चालत होतो.

मध्यावर, जमीन सपाट आहे तिथं, ती मोजायची थांबली. तिथं बुटकं एकही नव्हतं, तिन्ही ओळींत. सगळी उंच, सारख्या अंतरावर. ती तेवढं काही न बोलता चालली. फोनमधून मुलगी विचारत होती, "आजी? ऐकू येतंय का?"

मी पावलं मोजली. तेरा भरली.

चौदाव्या पावलाला तिचं तोंड पुन्हा सुरू झालं.